टोपलीचा सीन

"रडनारं पोर मनाकडे दे माय, आन तू आत बठीसन रड," असं म्हणत वेणूअक्का समोरच्या बाईच्या कडेवरचं मूल सरळ काढून घ्यायची. जळगावच्या ज्या थिएटरात मी बुकिंग क्लार्क होतो, तिथल्या लेडीज गेटवर ती तिकिटं फाडायची आणि टॉर्च मारून जागा दाखवायची. हे झालं कागदावरचं काम. खरं काम पुढे सुरू व्हायचं. पडद्यावर कुणाची तरी आई मरायला टेकली की आत बायका हुंदके द्यायच्या आणि त्यांची पोरं भोकाड पसरायची. मग अक्का दारावरचा जाड पडदा सारून आत जायची आणि बाहेर येताना तिच्या दोन्ही कडांवर दोन पोरं असायची. व्हरांड्यात येरझाऱ्या घालून, थोपटून ती त्यांना झोपवायची आणि इंटरव्हलला जिचं मूल तिला परत करायची. इतक्या वर्षांत एकदाही अदलाबदल झाली नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

बारा-तेरा वर्षं ती त्या गेटवर होती आणि एकही सिनेमा तिनं धड पाहिला नव्हता. दाराला पाठ लावून उभी राहायची आणि ऐकायची. "मना कानले बठ्ठं दिखस," कानांनाच सगळं दिसतं, असं मोठ्या ऐटीत सांगायची. सिनेमा लागला की तिसऱ्या दिवशी तिचे संवाद पाठ झालेले असायचे. मग एखाद्या रिकाम्या दुपारी काचेच्या पेटीतले फोटो निरखत मला विचारायची, "भाऊ, हाऊच का तो हीरो? आवाजवरथीन तं माले चांगला घरना वाटना व्हता."

माझं आणि तिचं जमायला कारण बोली. मी धुळ्याचा, ती साक्रीकडची. लग्न होऊन ती पार रावेरला गेली तेव्हा तिथल्या बायका तिच्या 'आहे'च्या जागी येणाऱ्या 'शे'ला पदर तोंडात धरून हसायच्या, कारण त्या भागातलं बोलणं निराळं. माझ्यापाशी तिला शब्द निवडून-टिपून घ्यावे लागत नसत. नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच वारला. त्यानंतर ती जळगावात एका खोलीत एकटी राहायची. मूलबाळ नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

रावेरहून तिचा पुतण्या यायचा, सुभाष. उंच, हसरा आणि कायम घाईत असलेला पोरगा. केळीच्या ट्रकबरोबर जळगावला आला की काकूसाठी केळीच्या दोन फण्या टाकून जायचा. तो यायचा त्या दिवशी अक्का कामातून जायची. तिकीट फाडून दोन्ही तुकडे बाईच्याच हातात द्यायची, टॉर्च भरदिवसा लावून ठेवायची. तो उभ्याउभ्या पाच मिनिटं बोले, "येतो काकू," म्हणे आणि निघे. तो रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत ही बघत राही. केळी मात्र आम्हालाच वाटून टाकायची. मी चिडवायचो, "अक्का, पुतण्यावर एवढा जीव, मग स्वतःचं असतं तर काय केलं असतंस?" ती आणखी एक केळं माझ्या हातात कोंबायची. आज ते वाक्य आठवलं की स्वतःची जीभ चावावीशी वाटते.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. घरोघरी टीव्ही आले होते आणि आमच्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या होत्या. अशात मालकांनी एक जुना इंग्रजी सिनेमा आणला. बायबलातल्या मोशेची गोष्ट. ते राजवाडे, ते हजारो गुलाम आणि शेवटी समुद्र दुभंगून त्यातून चालत जाणारी माणसं. लांबी साडेतीन तास, प्रिंटवर रेघाच रेघा आणि मधले काही तुकडे गायब. आमच्याकडे इंग्रजी सिनेमा फक्त मॉर्निंग शोला लागे आणि त्याला बाई औषधालाही सापडत नसे, म्हणून सकाळी लेडीज गेटला कुलूप असे. पण हा पडला देवाधर्माचा सिनेमा. पहिल्याच दिवशी ख्रिस्ती नर्सबायांचा घोळका आला आणि अक्काला सकाळी गेट उघडावं लागलं.

पाच-दहा मिनिटांतच ती वैतागली. "आज मना कान आंधया व्हई गयात," म्हणाली. इंग्रजीतलं अक्षर कळेना. शेवटी तिनं पडदा बाजूला केला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सिनेमा डोळ्यांनी पाहिला.

थोड्या वेळानं ती माझ्या बुकिंगच्या खोलीत आली आणि खिडकीखालच्या भिंतीला टेकून खालीच बसली. मला वाटलं चक्कर आली. पाणी दिलं तर ते तसंच हातात धरून तिनं विचारलं, "भाऊ, ती बाई पोरले पानीमा कसाले सोडस?"

मला गोष्ट शाळेपासून माहीत होती. मी सांगितली. राजानं हुकूम काढला की गुलामांचे जन्माला येतील तेवढे मुलगे मारा. तेव्हा एका आईनं टोपलीला डांबर फासलं, तीत बाळ ठेवलं आणि टोपली नदीत सोडली. राजकन्येला ते बाळ सापडलं आणि तिनं पोटचं म्हणून वाढवलं. सिनेमात ते दाखवलं नव्हतं, पण मूळ गोष्टीत पुढे असंही आहे की बाळाला पाजायला दाई शोधली, आणि जी आणली ती त्याची खरी आईच होती.

"मंग ती बोलनी नई? मी माय शे म्हनीसन?"

"बोलली असती तर पोर मारलं असतं, अक्का."

तिनं पेला खाली ठेवला. मग तिनं मला सांगितलं. सुभाष तिचा होता. नवरा गेला तेव्हा महिन्याचा होता. मोठ्या जावेला, जिजाबाईला, मूल नव्हतं. सासऱ्यांनी श्रावणात घरी बसवलेल्या कानबाईसमोर बाळ जिजाबाईच्या ओटीत घातलं आणि अक्काला देवीला हात लावून शब्द द्यायला लावला, की हे कधी त्याच्या कानावर घालणार नाही. अक्काच्या मनातही तेव्हा तेच होतं, की तिकडे मुलाला बाप मिळेल, शेत मिळेल, आपल्यापाशी काय आहे? "सहा महिना पाजं मी तेले," ती म्हणाली. "काकू म्हनीसन पाजं." सहा महिन्यांनी दूध तोडलं आणि तिला जळगावच्या बसमध्ये बसवून दिलं.

मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. खिडकीवर कुणीतरी तिकिटासाठी टकटक करत होतं, ते कंटाळून निघून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून अक्कानं सिनेमाची जाहिरात हाती घेतली. नळावर, भाजीबाजारात, दुपारच्या हिंदी सिनेमाला आलेल्या बायकांच्या रांगेत ती एकच सांगायची, "समिंदर फाटस ते ऱ्हाऊ दे बाई. पहिला टोपलीना सीन देखा." आणि बायका येऊ लागल्या. असोद्याहून सकाळच्या बसनं घोळकेच्या घोळके यायचे. पंचाईत अशी, की टोपलीचा सीन संपला की डोळे पुसत निम्म्या बायका उठायच्या, कारण घरी स्वयंपाक पडलेला. मालक कपाळाला हात लावून दारात उभे राहायचे. "अहो, समुद्र फाटायचाय अजून! चालल्या कुठं?" एकीनं त्यांना जाता जाता सुनावलं, "पोर वाचनं ना? मंग आते काय देखानं ऱ्हायनं?" तरी सिनेमा दुसऱ्या आठवड्यात गेला.

त्याच आठवड्यात सुभाषचं लग्न ठरल्याची बातमी आली. अक्कानं लगोलग रावेरला निरोप धाडला, की जिजाबाईला घेऊन ये, काकू सिनेमा दाखवणार आहे. मी धसकलो. म्हटलं, "अक्का, हे काय चालवलंयस?"

"मी सांगाव नई," ती म्हणाली. "देवीले हात लायेल शे मी. पन पिच्चरनी सांगं तं मना काय दोष?"

मांडवातला वरमाईचा मान तिला नको होता. तो जिजाबाईचाच, हे तिला कबूल होतं. त्याला एकदा कळावं आणि त्यानं एकदा आई म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. मी म्हणालो, "विस्तवाशी खेळ आहे हा." ती म्हणाली, "बावीस वरीस व्हयनात, भाऊ. आते काय जयनार शे?"

सिनेमाच्या शेवटच्या दिवशी दोघं आली. जिजाबाई ठसठशीत बांध्याची, कपाळावर मोठं कुंकू. ती लेडीजमध्ये बसली, सुभाष पुरुषांच्या बाजूला. मी खिडकी बंद केली आणि अक्काच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी आत एक मूल रडत होतं, पण अक्का ते आणायला गेली नाही. पडद्यावर टोपली पाण्यावर डुलायला लागली तशी जिजाबाईनं पुढच्या खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकलं, ते वर केलंच नाही. तिला कशासाठी बोलावलंय ते तिला कळलं होतं. सुभाषकडे पाहिलं, तर तो शेंगदाणे खात होता.

इंटरव्हलला तो बाहेर आला, मागोमाग जिजाबाई. तो सहज म्हणाला, "काकू, ती टोपलीवाली बाई पुन्हा दिसलीच नाही. कुठं गेली ती?"

जिजाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. बोल, अक्का, बोल आता, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो. अक्कानं सुभाषकडे पाहिलंच नाही, ती जावेकडे बघत होती. मग ती म्हणाली, "तिनं काम व्हई गयं व्हतं रे. पोर जगी गयं ना." आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत ढकललं. "जाय, बठ. आते समिंदर फाटनार शे."

तो गेला. जिजाबाई गेली नाही. ती अक्काच्या स्टुलावर बसली आणि अक्का तिच्या पायाशी जमिनीवर. आतून पाण्याचा प्रचंड गडगडाट ऐकू येत होता, लोक टाळ्या वाजवत होते. सिनेमा सुटेपर्यंत त्या दोघी तशाच बसून होत्या.

नंतर मी रागानं विचारलं, "एवढं बोलावून घेतलंस, मग गप्प का बसलीस?"

"तिना तोंडकडे देखं मी," अक्का म्हणाली. "बावीस वरीस ती बाई भ्यावमा जगनी, भाऊ. मी तं नुसती एकली जगनी."

लग्नाला ती काकू म्हणूनच गेली आणि दोन दिवसांनी परत गेटवर उभी राहिली. पुढे थिएटर बंद पडलं, मी धुळ्याला परतलो. अक्का त्याच खोलीत राहिली. मी जळगावला गेलो की भेटायची, सुभाषच्या मुलीचं बारसं, सुभाषचा नवा ट्रॅक्टर असलं काहीबाही सांगायची.

नव्वदच्या दशकात एके दिवशी रावेरहून तिच्या गंधमुक्तीचं, म्हणजे सुतक फिटण्याच्या विधीचं, कार्ड आलं. दहा दिवसांपूर्वी ती गेली होती आणि मला पत्ताही नव्हता. खाली शोकाकुल मंडळींत पहिलंच नाव सुभाषचं होतं आणि नावापुढे छापलं होतं, मुलगा. मी कार्ड घेऊन तसाच बसस्टँडवर गेलो.

सुभाष ओट्यावर बसला होता, मुंडण केलेला. जिजाबाई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्याकडे हात करून तो म्हणाला, "आई स्वतः छापखान्यात गेली आणि तो शब्द घालायला लावला. कार्ड हातात पडलं तेव्हा मला कळलं." मग त्यानं विचारलं, "तुम्ही एवढी वर्षं तिच्यासोबत होता. ती मला कधी मुलगा म्हणाली का हो?"

"एकदा," मी म्हणालो. खिडकीखाली बसून तिनं सगळं सांगितलं त्या दिवशी, अगदी शेवटी. म्हणाली आणि लगेच पदर तोंडावर धरून आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

"एकदाच?"

"एकदाच."

तो माझ्याजवळ सरकला. मग म्हणाला, "कसं म्हणाली? तिच्या बोलीत म्हणून दाखवा."

मी म्हटलं, "'मना आंडोर शे तो.'"

त्यानं डोळे मिटले. "पुन्हा म्हणा," तो म्हणाला. मी पुन्हा म्हटलं.