प्रागच्या किल्ल्यावरची बदकं

माझ्या मैत्रिणीनं मला प्रागमध्ये किल्ल्याखाली बसवून ठेवलं, त्याची परतफेड मी ग्वाल्हेरात केली. असं काही सांगताना लोक शेवटी ‘नको होतं करायला’ म्हणतात. मी म्हणणार नाही.

मी शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. पुस्तकात प्रागच्या किल्ल्यातल्या एका खिडकीबद्दल तीन ओळी होत्या. चिडलेल्या सरदारांनी बादशहाचे दोन अधिकारी आणि त्यांचा कारकून त्या खिडकीतून खाली फेकले आणि त्यावरून पेटलेलं युद्ध तीस वर्षं चाललं. खाली उकिरडा होता म्हणून तिघं वाचले, असं सांगतात. उकिरडा पुस्तकात नव्हता, तो मी पदरचा घालायची, आणि मग मागच्या बाकावरची मुलंही जागी व्हायची. मला ती खिडकी बघायची होती. बाकीचा युरोप राहिला असता तरी चाललं असतं.

मैत्रीण आणि मी ग्वाल्हेरच्या दाना ओलीत एकाच गल्लीत वाढलो. तिचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यानं आईला बोलावलं, तेव्हा तिनं मला आणि आमच्या आणखी एका मैत्रिणीला बरोबर घेतलं. ही तिसरी स्वभावानं इतकी गरीब, की दोघी भांडलो तर ती दोघींनाही ‘बरोबर आहे’ म्हणते. तिथून शनिवार-रविवार गाठून आम्ही तिघी रेल्वेनं प्रागला गेलो.

शनिवार चांगला गेला. जुन्या पुलावरच्या पुतळ्यांबद्दल मी दोघींना सांगत होते, तर पुण्याचं एक कुटुंब थबकून ऐकायला लागलं. त्यातल्या आजोबांनी मला दोन प्रश्न विचारले. माझी कळी खुलली. मैत्रीण तोवर फोटो काढत पुढे निघून गेली होती.

रविवारी सकाळी किल्ल्याखालच्या चौकात ती म्हणाली, “तुझ्या गुडघ्याला चढाई नाही जमणार. तू इथे बस आरामात, आम्ही घंट्याभरात येतो.”

“हळूहळू चढेन ना,” मी म्हटलं.

“नको गं, परदेशात काही झालं तर कोण बघणार. उगाच टेन्शन.”

गुडघा खरंच दुखत होता, म्हणून मी ऐकलं. एका कॅफेच्या बाहेरच्या खुर्चीत बसले. एक कॉफी घेतली, मग दुसरी, मग वेटर माझ्याकडे बघेनासा झाला. समोरून ट्राम जात होत्या. बावीस नंबरची एक गेली, थोड्या वेळानं दुसरी गेली, मी नुसती बघत राहिले. चार तास बसले.

त्या आल्या तेव्हा तिसरीचा चेहरा आनंदानं फुलला होता. “काय नजारा आहे वरून,” ती म्हणाली, “आणि ट्राम तर अगदी वरपर्यंत नेते, बावीस नंबर. चालावं लागलंच नाही.” बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. मैत्रीण मोबाइलमध्ये डोकं घालून उभी होती.

मी एवढंच विचारलं, “खिडकी बघितलीत?”

“कुठली खिडकी?” मैत्रीण म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण परतीचं तिकीट तिच्या मुलाच्या हातात होतं.

ग्वाल्हेरला परतल्यावर दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी आमच्या मराठी मंडळानं तिचं ‘माझा प्रागप्रवास’ हे भाषण ठेवलं. आता आमची जुनी रीत सांगायला हवी. मंडळात बोलते ती, लिहिते मी. तिचा आवाज भरदार, मी माइकसमोर गेले की माझा चिरका होतो. हळदीकुंकवाच्या स्वागतापासून शोकसभेपर्यंत तिची सगळी भाषणं माझ्या हातची, आणि ती आधी कधीही वाचून बघत नाही. मी लिहिलंय म्हणजे ठीकच असणार, हा तिचा विश्वास. तिनं फोन केला, “दोन पानं लिहून दे. किल्ल्याचंही लिही, तुला तर पुस्तकातून सगळं माहीतच आहे.”

लिहून दिलं. शिंदे की छावणीतल्या माझ्या गच्चीवरून आपला किल्ला समोर दिसतो. तिथेच खुर्ची टाकून बसले आणि लिहिलं.

मंडळाचा हॉल भरला होता. पहिलं पान पुलाचं आणि तिथल्या प्रसिद्ध घड्याळाचं, अगदी खरं. दुसऱ्या पानावर ती आपल्या त्या भरदार आवाजात वाचायला लागली. किल्ल्याच्या वाटेवर कड्यात कोरलेल्या उंच मूर्ती लागतात. राजवाड्याच्या तळघरात राण्यांच्या झोपाळ्यांच्या कड्या अजून आहेत. कुणीतरी खाकरलं. आणि दर्शनी भिंतीवर, तिनं वाचलं, निळ्या फरशांमध्ये पिवळ्या बदकांची सुंदर रांग आहे.

ती बदकं ग्वाल्हेरातलं शेंबडं पोरही ओळखतं. पुढच्या रांगेतले बँकेतून निवृत्त झालेले काका मोठ्यानं म्हणाले, “अहो, हा तर आपलाच किल्ला.” आणि हॉल हसला. मागच्या खुर्च्यांपर्यंत हसला. मी पोटभर ऐकून घेतलं.

तिनं कागदावरून मान वर केली आणि मला शोधलं. “हे हिनं लिहिलंय,” ती माइकवरच म्हणाली. “ही वर आलीच नव्हती, हिला काय माहीत.”

मी उभी राहिले. “का नव्हते आले, तेही सांग. ट्राम वर जात होती. तुला माहीत होतं.”

आम्ही दाना ओलीतल्या मुली, बोलतो मराठीत पण भांडतो हिंदीत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “हाँ, पता था,” ती म्हणाली. “तू साथ होती है तो सब तुझे ही सुनते हैं. मैं कोई होती ही नहीं.”

मी खाली बसले. खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. मला वाटत होतं की माझा लंगडा पाय तिला जड झाला. जड झाली होती मी, अख्खी. इतका मान मला बत्तीस वर्षांत शाळेनं दिला नाही.

संक्रांतीला तिनं तिसरीच्या हाती तिळाच्या लाडवांचा डबा पाठवला. वर चिठ्ठी होती, ‘चुकलं माझं.’ आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी लाडू खाल्ले. छान झाले होते. मग डबा घासला, पुसला, तिसरीच्या हातात दिला.

तिनं तो हलवून बघितला. “अगं, काहीतरी घाल ना यात,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “तिला म्हणावं, खिडकी बघून ये, मग घालते.”