मधुराच्या व्हिडिओतून मी काय कापलं

हे मी घरी सांगितलेलं नाही. मधुराला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही तिला ओळखत नाही — ओळखत असतात तर बहुधा सांगितलं नसतं.

आम्ही दोघी इंद्रपुरीत एकाच गल्लीत वाढलो. दोघींचे वडील कारखान्यात. ती अभ्यासात पुढे, हे मी लहानपणीच मान्य केलं होतं. त्याचा त्रास झाला नाही. आकडे तिचे, शब्द माझे — अशी वाटणीच होती. मी एका हिंदी वर्तमानपत्रात डेस्कवर लागले, इतरांच्या बातम्या नीट करू लागले. ती पीएच.डी. करू लागली. विषय: गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यांच्या आवाजात वर्षानुवर्षं काम करून कामगारांच्या कानांचं काय होतं.

मग विद्यापीठाने स्पर्धा ठेवली. आपलं संशोधन तीन मिनिटांच्या व्हिडिओत समजावून सांगायचं; जिंकणाऱ्याला वर्षभराची शिष्यवृत्ती. मधुराची शिष्यवृत्ती संपत आली होती. ही मिळाली नाही तर प्रबंध सोडून नोकरी शोधावी लागणार होती. हे मला माहीत होतं — आधीच सांगून ठेवते.

पाठवण्यापूर्वी तिने व्हिडिओ मला दाखवला. ‘बघ गं एकदा. तुला कळतं यातलं.’

सुरुवात त्यांच्या स्वयंपाकघरात. गॅसवर कुकर, शेजारी स्टुलावर काका — तिचे वडील — मटार सोलत बसलेले. शिट्टी होते. दुसरी होते. तिसरी. बाहेरून काकू ओरडून विचारतात, ‘अहो, किती झाल्या?’ काका मान वर न करता म्हणतात, ‘अजून एकही नाही. गॅस वाढवू का?’ मग मधुरा कॅमेऱ्याकडे वळते आणि सांगते की बारीक, उंच आवाज आधी जातात. ते गेल्याचं माणसाला कळतही नाही.

मी हसले. मग हसू थांबलं.

इतकी वर्षं बातम्यांच्या सुरुवाती लिहिल्या, बदलल्या — अशी एकही मला जमली नव्हती. आकडे तिचे होतेच. आता हेही तिचं? मग माझ्याकडे काय उरलं? मी स्पर्धेत नव्हते. तिच्या हरण्याने मला काहीच मिळणार नव्हतं. तरीही —

मी म्हणाले, ‘छान आहे. पण काकांना असं सगळ्यांपुढे... बरं दिसतं का? लोक हसतील त्यांना.’

वाक्य निवडून घेतलं होतं. दुसरी कुठलीही चूक काढली असती तर तिने वाद घातला असता. ती म्हणाली, ‘पण बाबांना तर मजा आली. सगळ्या कॉलनीला सांगत सुटलेत.’

‘मागून लोक हसतील, ते त्यांना ऐकू तरी येणार आहे का?’ मी म्हणाले.

होय, हे मीच म्हणाले. काकांबद्दल. मधुराने मान खाली घातली. कुकरच्या जागी आलेख आला. त्याचे रंग मी निवडून दिले.

व्हिडिओ सभागृहात दाखवणार होते. काकांना सांगायचा मधुराला धीर झाला नाही. ते इस्त्रीचा शर्ट घालून, कारखान्यातले जुने सोबती वर्माजी यांना घेऊन आले आणि माझ्या शेजारी बसले; वर्माजी मागच्या रांगेत. बोलणं त्यांना समजत नव्हतं, म्हणून ते नुसते पडद्याकडे बघत राहिले — स्वतःची वाट बघत. आलेख आला, गेला. टाळ्या झाल्या.

मागून वर्माजी मोठ्याने म्हणाले, ‘क्यों भाई, हीरो तो दिखा ही नहीं!’

काका माझ्याकडे वळले. ‘अगं, माझं कुठे गेलं? मी काही चुकवलं का?’

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. मी त्यांच्या कानाशी वाकून, त्यांना ऐकू जावं म्हणून जोरात म्हणाले, ‘काका, वेळेत बसत नव्हतं!’ चार रांगांना ऐकू गेलं. व्यासपीठाजवळ उभ्या असलेल्या मधुरालाही. मी तिची बाजू सांभाळली असं तिला वाटलं. तिने दुरूनच हात जोडले.

शिष्यवृत्ती दुसऱ्याला मिळाली. मधुरा आता शाहपुऱ्यात एका क्लासमध्ये शिकवते. प्रबंध अर्धा आहे. काका तिच्या कामाबद्दल काही विचारत नाहीत. आणि ती अजूनही लोकांना सांगते की माझ्यामुळे बाबांचं हसं व्हायचं टळलं. कधी कधी मी तिथेच बसलेली असते. मी ऐकून घेते.