खोटा सी ड्राइव्ह

रविवारी दुपारी लेक हातात मावणाऱ्या लिनक्सच्या गेमिंग कन्सोलवर विंडोजचा एक जुना गेम टाकत बसली होती. 'सी ड्राइव्हमध्ये ठेवू?' असं गेमनं विचारलं आणि तिनं खुशाल 'हो' दाबलं.

"सी ड्राइव्ह विंडोजमध्ये असतो, यात नाहीच, बाबा. गेमला घरच्यासारखं वाटावं म्हणून तसा फोल्डर केलाय."

मला आमची लबाडी आठवली. आई सांगली सोडून आमच्या फ्लॅटमध्ये आली, तेव्हा ओट्यावरचे डबे आम्ही तिच्या जुन्या स्वयंपाकघरातल्यासारखेच लावले होते. पहिल्याच दिवशी तिनं मिठासाठी न बघता हात घातला, तर मीठच हाती आलं.

गेम झोकात सुरू झाला.

"बिचाऱ्याला कळलंसुद्धा नाही," मी म्हणालो.

शेजारी शेंगा सोलणारी आई हसली. "कळतं रे सगळं. पण कुणी एवढं केलं, की राहावंसं वाटतं."