खालचा थर

इंदिरानगरातल्या आमच्या मावशीने कुणाचं काही सहजासहजी खरं मानलेलं मी पाहिलं नव्हतं. पिंपळगावहून कुणी द्राक्षांची पेटी आणली, की ती देणाऱ्यासमोरच वर्तमानपत्रावर उपडी करायची. "वरचा थर दाखवायला असतो, खालचा खायला," असं तोंडावर म्हणायची. द्राक्षं बहुधा चांगलीच निघायची. मग तिचा संशय आणखी वाढायचा.

काकांचीही सुटका नव्हती. अंबडच्या कारखान्यातून ते घरी आले, की रिकाम्या डब्याचीही चौकशी व्हायची: तुम्ही खाल्लात की वाटलात? अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले, तेव्हा निरोपाचा हारसुद्धा तिने उलटून पाहिला. "यांना कारखान्यानं सोडलं, मला कोण सोडणार?" म्हणत कुकर लावायला गेली.

मग पेन्शनचा पर्याय निवडायची वेळ आली. विमा कंपनीचा एजंट घरी आला तेव्हा मीही तिथेच होते. एकट्या काकांच्या नावावर घेतली तर महिन्याला जास्त पैसे, हे ऐकून काका खुलले. मावशीने चहा एजंटापुढे ठेवला, पण कपावरचा हात काढला नाही.

"आता खालचा थर दाखवा."

"म्हणजे, काकू?"

"हे गेल्यावर मला काय?"

"यात... काही नाही. दोघांच्या नावावर घेतलीत तर तुम्हालाही शेवटपर्यंत मिळेल. पण मग आत्तापासूनच दरमहा कमी. तुम्ही वयाने लहान, शिवाय बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात. कंपनीला जास्त वर्षं पैसे द्यावे लागतात ना."

आता याची उलटतपासणी होणार, म्हणून मी सरसावून बसले. मावशीने कप सोडला.

"हे मात्र खरं बोललात."

काका आठवडाभर घुश्शात होते. "माझ्या मरणाची तयारी चाललीय घरात," असं येईल त्याला सांगत होते. मला मात्र तिचं पटलं होतं. मूलबाळ नाही, स्वतःची कमाई नाही. तिने कुणाच्या भरवशावर राहायचं? शेवटी पेन्शन दोघांच्या नावावरच घेतली.

दोन वर्षंही झाली नाहीत आणि मावशीच गेली.

यंदा मी द्राक्षांची पेटी घेऊन काकांकडे गेले. पेन्शन आता तरी वाढवून देतील का, म्हणून विचारलं.

"नाही गं. एकदा निवडलं ते निवडलं."

त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि पेटी उपडी केली. मला मावशीची इतकी आठवण आली, की मी तोंड फिरवलं. खालची द्राक्षंही चांगलीच होती.

"दूधवाल्यापासून माझ्यापर्यंत जन्मात कुणाचं खरं मानलं नाही तिनं," काका म्हणाले. "आणि मानलं, ते नेमकं त्या एजंटाचं. म्हणे, बायका जास्त जगतात."