आयुधपूजेच्या दिवशीचा पेजर

गुंडूराव अण्णांना यंत्राला पाय लागलेला खपत नसे. मल्लेश्वरमच्या एका छोट्या रक्तपेढीतले फ्रीज सांभाळणं हे त्यांचं काम, आणि कुणाचा बूट चुकून फ्रीजच्या मोटारीला लागला तर त्या माणसाला ते वाकून नमस्कार करायला लावत. ते माझे लांबचे काका. त्यांचा हा कडकपणा मला कधी आवडे, कधी डोक्यात जाई.

सत्त्याण्णव साली त्या पेढीसाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला. फ्रीज तापू लागला की कॉम्प्युटरनं स्वतः फोन लावून अण्णांच्या पेजरवर निरोप धाडायचा. पेजर कंपनीनं खातं उघडून दिलं, नंबर दिला, पासवर्ड दिला. पण दोन्हीकडचे मोडेम एकमेकांवर किंचाळत आणि गप्प होत. कंपनीतला माणूस माझी चूक म्हणे, मी त्याची. अखेर आयुधपूजेच्या आदल्या संध्याकाळी अण्णांच्या कमरेचा पेजर वाजला आणि माझा जीव भांड्यात पडला. कारण फ्रीजमध्ये काव्या नावाच्या एका चिमुरडीसाठी दुर्मिळ गटाचं रक्त होतं, मोठ्या मिनतवारीनं जमवलेलं. दोन दिवसांनी तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.

पूजेच्या दिवशी सकाळी अण्णांनी पेढीतल्या फ्रीजची पूजा केली आणि ते घरी आले. मीही तिथं जेवायला गेले होते. देवीपुढे नटबोल्टचे पाने, हातोडी, पेचकस मांडले होते. त्यांतच त्यांनी पेजर ठेवला, वर झेंडू वाहिला. मांडलेलं आयुध दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही, हा घरचा नेम.

"अण्णा, तो तरी कमरेला असू दे."

"वर्षातून एक दिवस, वसू. त्यालाही स्वल्प विश्रांती."

आरती चालू असताना फुलांखाली पेजर वाजला. अण्णा माझ्याकडे बघून हसले. "झाली का सुरू तुझी तपासणी?"

"मी तुमच्यासमोर उभी आहे, अण्णा. तपासणी कालच संपली."

त्यांचं हसू मावळलं. तो पुन्हा वाजला, तरी ते जागचे हलेनात. मला इतका संताप आला की मीच हात घालणार होते. तेवढ्यात त्यांनी डोळे मिटून पेजर उचलला आणि काचेवरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं. निरोप फ्रीजचाच होता.

रस्तोरस्ती गाड्यांच्या पूजेत फोडलेले कोहळे पडलेले. स्कूटर दोनदा घसरली. मी मागे बसून अण्णांचा शर्ट मुठीत धरला होता.

पेढीत रक्ताचा फ्रीज गप्प होता. अण्णा पेचकस घेऊन मोटारीकडे वाकले, आणि तसेच थांबले. भिंतीवरचं बटण बंद होतं. त्यावर कुंकवाचं ताजं बोट उमटलेलं. सकाळी पूजेपुरतं त्यांनीच ते बंद केलं होतं.

त्यांनी बटण दाबलं. मोटार घुमू लागली. धावत आलेल्या पेढीच्या डॉक्टरीणबाई आतला थर्मामीटर वाचू लागल्या.

"थोडक्यात वाचलं," त्या म्हणाल्या. "रक्त चांगलं आहे. कुणी बंद केलं होतं?"

"मी," अण्णा म्हणाले. मग ते माझ्याकडे वळले.

"वसू, हा निरोप आणखी कुणाच्या तरी पेजरवर जाऊ दे. माझ्या एकट्याच्या भरवशावर पोरीला सोडू नकोस."