पाहायला आले पतसंस्थेवाले

माझा स्कोअर खराब आहे. हे वाक्य मी इतक्या बँकांत ऐकलं, की कुणी नाव विचारलं तर आधी तेच तोंडातून निघेल अशी भीती वाटायची. लॉकडाऊनमध्ये कॉलेजची पोरं आपापल्या गावी गेली, माझे जेवणाचे डबे बंद पडले आणि स्कूटीचे हप्ते थकले. पुढे सगळे दंडासकट भरले, पण ते कॉम्प्युटरला कोण सांगणार? बँकेतला माणूस स्क्रीनकडे बघून असं तोंड करायचा, जणू माझ्या भाजीत झुरळ निघालंय.

आणि मला तर गाळा हवा होता. अमरावतीत कॉलेजच्या रस्त्यावर एक छोटासा गाळा रिकामा झाला होता. मी डबे पोचवत फिरण्यापेक्षा पोरांनीच येऊन तव्यावरची गरम भाकर खावी, हे माझं जुनं स्वप्न. डिपॉझिटसाठी मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार झाला. नंतर तो गाळा एका मोबाइलवाल्याला जाणार होता. शेवटचा उपाय म्हणून मी पतसंस्थेत गेले. तिथल्या साहेबांनी स्कोअर पाहिला, "हं" केलं आणि म्हणाले, "शनिवारी घरी येऊन पाहतो."

मी आनंदाने वेडी होऊन अकोल्याच्या मोठ्या बहिणीला फोन लावला. तिथेच चुकलं.

"पाहायले येऊन रायले?" ती ओरडलीच. "अन् तू असं उघडंबोडकं घर दाखवशीन? सोफा नाई, फ्रीज नाई. थांब, मी येतो सकाळच्या गाडीनं."

आमच्या गल्लीत एक रीत आहे. कुणाच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार असले, की सामान फिरतं. एका घरचा सोफा, दुसऱ्या घरचे कप, तिसऱ्या घरची गालिचासारखी दिसणारी चादर. पाहुणे गेले की सगळं आपापल्या घरी परत, त्याची चर्चाही होत नाही. बहिणीने ती रीत सरळ कर्जाला लावली. माझं लग्न होऊन मोडलं त्याला जमाना झाला, पण खरं सांगते, त्या लग्नालाही एवढी तयारी नव्हती.

समोरच्या काकूंनी सोफा दिला आणि फ्रीजही दिला. सोफा दारात अडकला. आत येईना, बाहेर जाईना. काकू मागून कडाडल्या, "तिरपा करा न बाप्पा! पाय मोडला त मी काय दगडावर बसू?" कुणाचा टीव्ही आला, कुणाच्या दोन कुंड्या आल्या. माझ्या स्वयंपाकघराचा दरवाजा बहिणीला फार गरीब वाटला, म्हणून तिथे तिने अकोल्याहून आणलेला जरीचा पडदा टांगला. एवढ्या श्रीमंतीत माझं मलाच घर ओळखू येईना. मी हसत हसत फरशीवर बसले, कारण सोफ्यावर बसायला बहिणीची सक्त मनाई होती.

साहेब चार वाजता आले. बहिणीने सवयीने पोह्यांची बशी पुढे केली. डोक्यावर पदर घ्यायचं मला डोळ्यांनी खुणावत होती, मी दुसरीकडेच बघितलं. साहेबांनी टीव्ही पाहिला, कुंड्या पाहिल्या आणि सोफ्याच्या पार डाव्या कडेला जपून बसले.

"इकडची स्प्रिंग बरी हाय," ते म्हणाले.

"नवाच हाय जी सोफा," बहीण ठसक्यात बोलली.

"आमच्याच कर्जातून घेतला न. वसुलीले आलो होतो तवा याच्यावरच बसलो मी. तवा हा समोरच्या घरात होता."

बहिणीने पोह्यांची बशी आणखी पुढे सरकवली. तेवढ्यात समोरच्या काकू पातेलं घेऊन सरळ आत शिरल्या, फ्रीज उघडला आणि दूध काढून घेतलं. "बसा बसा, मी आपलं दूध न्यायले आली." मग त्यांना सोफ्यावर साहेब दिसले. मला हसू आवरेना, पण गेला गाळा, संपलं, असंच वाटलं.

साहेबांनी बशी खाली ठेवली. "त्या पडद्यामांगं काय हाय?"

"काई नाई जी," बहीण म्हणाली.

त्यांनी स्वतः उठून पडदा सारला. आत माझ्या पराती, ज्वारीच्या पिठाचे पिंप, पिठल्याचं मोठं पातेलं आणि रात्रीसाठी धुऊन पालथे घातलेले डबे होते. घरात तेवढंच काय ते माझं स्वतःचं. साहेबांनी पिंपाचं झाकण उघडून पाहिलं. किती पोरं जेवतात, पैसे महिन्याचे महिन्याला देतात का, पीठ कुठून घेता, सगळं विचारलं. "मी हेच पाहायले आलो होतो, ताई," ते म्हणाले. "हे काहून झाकलं तुमी?" बहीण छताकडे बघायला लागली.

"पण स्कोअर असा हाय, त दोन जामीनदार लागतीन. आमचे सभासदच पाहिजेत."

"मी करतो न सही!" बहीण पुढे झाली.

"अकोला आमच्यात येत नाई, बाई." अकोल्याचा असा अपमान तिने आजवर सोसला नव्हता.

मग सगळ्यांच्या नजरा काकूंकडे गेल्या. काकू सभासद होत्या. त्या सरळ दूध घेऊन निघून गेल्या. सोफा संध्याकाळी घरी परत येतो. सही तशी येत नाही, हे मलाही कळत होतं. मला त्यांचा राग आला नाही. रडू मात्र आलं.

पोहे संपायच्या आत काकू परतल्या. हातात चहाचा ट्रे, डोळ्यांवर चष्मा. "साहेबाले साधा चहा नाई पाजला तुमी," त्या म्हणाल्या. "कुठं करू सही?"

"वाचून तर घ्या, काकू."

"त्यात काय वाचा लागते? तिले ओळखतो मी."

दुसरी सही कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने केली. माझी पिठाची उधारी कधी बुडाली नाही, एवढंच म्हणाला. गाळा मिळाला. पोरं येतात, भाकरीसाठी भांडतात, ठेचा जास्त मागतात. कर्जाबरोबर मीही पतसंस्थेची सभासद झाले, हे माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं.

मग एका सकाळी काकू गाळ्यात आल्या. "उद्या पतसंस्थेत चाल माह्यासंगं. नवा फ्रीज घ्यायचा हाय. जामीनदार तुलेच राहा लागते."

"मी? काकू, माझा स्कोअर…"

"मले स्कोअर नाई पाहिजे, तू पाहिजे. हप्ते भरून रायली न वेळेवर?"

दुसऱ्या दिवशी मी ठेवणीतली पैठणी नेसले. एका सहीसाठी. टेबलापाशी पदर सावरता सावरता सही पार वाकडी आली. साहेब म्हणाले, पुन्हा करा. मी पुन्हा केली. त्यांनी दिवसभर करायला लावली असती, तरी मी आनंदाने करत बसले असते.