घटाचं धान आणि शाळेचं धान

बीडच्या जनाना शाळेत मला चौथीचा वर्ग मिळाला आणि त्याच्यासोबत गुरुवारचा वस्तुपाठाचा तास. पुस्तक मिटून एखादी वस्तू समोर ठेवायची, ती नीट पाहायची आणि जे दिसेल ते सांगायचे, असा तो तास. बाकीचे सगळे तास बडी उस्तानीजी, म्हणजे आमच्या मुख्य बाई, ठरवून देतील तसे चालत. हा एकच माझा होता. उस्तानीजींना तो नको होता. तेवढ्या वेळात पोरी एखादा रुमाल पुरा करतील, असे त्यांचे म्हणणे. शेवटी ठरले की दिवाळीआधीच्या मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, औरंगाबादेहून मोठ्या बाई येतील, त्या या तासाची परीक्षा घेतील, आणि पोरी पास झाल्या तरच तो राहील. नाहीतर शिवण.

माझे शिक्षण पुण्याला, इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात झाले. वडिलांची तहसिलीतली नोकरी बीडला, म्हणून मी इथे. मराठीत बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवी, तोवर समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असे. पोरी मला मागे ‘मडमबाई’ म्हणत. मला ऐकू येत असे. मी ऐकले नाही असे दाखवी.

त्या पोरींना शिकवताना माझा जो जीव मेटाकुटीला आला, तो त्यांच्या मठ्ठपणामुळे नव्हे. त्या मठ्ठ नव्हत्याच. त्या सभ्य होत्या. लिंबू पाण्यात बुडेल की तरंगेल, असे विचारले की आधी सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत. मग देशमुखांच्या मुलीकडे. ती म्हणाली ‘बुडतंय’ की सगळ्यांचे बुडतंय. मी म्हटले, प्रत्येकीने आपले आपले आधी पाटीवर लिहा, मग लिंबू टाकू. लिहिले. लिंबू टाकले, ते तरंगले. पाट्या बघायला गेले तर प्रत्येकीच्या पाटीवर ‘तरंगते’. बोटाला थुंकी लावून सगळ्यांनी आधीचे पुसून टाकले होते.

“अगं, पुसलं का? चुकलं तरी राहू द्यायचं होतं.”

“चुकीचं कावून ठिवायचं, बाई?” पाली गावची मुलगी म्हणाली. ती बीडला मामाकडे राहून शिकत होती आणि वर्गात सगळ्यांत आधी तिचाच आवाज येई. “घरी कोनी बगितलं तर हासत्याल.”

आधी काय वाटले, मग काय दिसले, या दोहोंतल्या फरकातच तर सगळा अभ्यास होता. तोच फरक त्या रोज थुंकीने पुसत होत्या, आणि त्यांची परीक्षा मी घ्यायची कशी, हे मला कळत नव्हते. बरोबर उत्तराला मार्क द्यायचे तर सगळ्या पहिल्या.

मुआयन्यासाठी पाठ उस्तानीजींनीच निवडला, वरून आलेल्या यादीतला: रोपाला उजेड लागतो. दोन परळांत, म्हणजे मातीच्या पसरट भांड्यांत, काळी माती घालून आम्ही गहू पेरले. एक परळ अंगणात कडुलिंबाखाली, दुसरे शिवणाच्या कपाटात. त्याच दुपारी उस्तानीजी वर्गात आल्या आणि माझ्यादेखत पोरींकडून घोकून घेतले, “उजालेमें पौधा बढता है, अंधेरेमें नहीं बढता.” मी म्हटले, अजून उगवलेदेखील नाही. त्या म्हणाल्या, “बीबी, उगेगा तब उगेगा. जवाब तो पहले याद होना.”

मी पोरींना मोजायला शिकवले. पहिल्यांदा प्रत्येकीने आपल्या बोटांनी मोजले आणि प्रत्येकीचे वेगळे आले. मग त्यांनीच भांडून ठरवले की दर वेळी पालीवालीच मोजेल, म्हणजे बोटे तीच राहतील. त्या दिवशी मी घरी आनंदात गेले. असे दिवस फार नव्हते.

गहू उगवले. अंगणातले हिरवे, ठेंगणे, दाट. कपाटातले पिवळट, बारीक, आणि अंगणातल्यापेक्षा कितीतरी उंच. मी पुन्हा पुन्हा मोजायला लावले. उंचच. मला हवे होते ते झाले होते: घोकलेले एक, दिसलेले दुसरे. मी म्हटले, मोठ्या बाई विचारतील तेव्हा जे दिसते तेच सांगायचे. पोरी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटले, विचार करताहेत.

मुआयन्याच्या दिवशी पडदा लावलेली बैलांची दमणी दारात थांबली. मोठ्या बाई आत आल्या, अत्तराचा वास आला, पोरी डोक्यावर पदर घट्ट ओढून उभ्या राहिल्या. उस्तानीजींनी कपाट उघडले, अंगणातले परळ मागवले आणि दोन्ही टेबलावर ठेवली.

कपाटातले गहू अंगणातल्यापेक्षा बुटके होते. वरची टोके एका रेषेत, सरळ.

“पौधेको क्या चाहिए?”

“रोशनी!” सगळ्या एका सुरात.

“शाबाश.”

मराठीत मला वाक्य सापडेना. मी इंग्रजीत म्हणाले की कालपर्यंत अंधारातले रोप उंच होते, आम्ही मोजले होते. मोठ्या बाईंनी माझ्याकडे मायेने पाहिले आणि पोरींना हिंदुस्तानीत विचारले, तुमच्या बाई म्हणतात ते खरे का?

“न्हाई जी!” देशमुखांची मुलगी म्हणाली.

“बुटकंच व्हतं!” मागून आवाज आला.

“बाईंनी कंदिलाच्या उजेडात बगितलं, जी. म्हनून उंच दिसलं असंल.” ही पालीवाली, जिची बोटे आम्ही मापाला घेतली होती.

मोठ्या बाई हसल्या. मोजताना चूक होते, माझ्याही हातून झाली असती, असे म्हणाल्या. सगळ्या पोरी पास. तास राहील. आणि हाच पाठ दर वर्षी, अगदी असाच करावा, असे उस्तानीजींना सांगून त्या दमणीत बसल्या.

दार लागताच पोरींनी पदर खाली सोडले. प्रत्येकीच्या वेणीत पिवळट गव्हाचा तुरा खोवलेला होता.

“कोणी कापलं?”

“समद्यांनी. कात्री शिवनाचीच हाय.”

“पण का?”

“तुमचा पाठ खोटा पडला असता, बाई,” पालीवाली म्हणाली. “आन् तास गेला असता. मंग बसा रुमाल शिवत.”

“आणि हे डोक्यात?”

“कापलेलं धान टाकून देत्यात व्हय?” देशमुखांच्या मुलीने मला समजावले. “दसऱ्याला घटाचं न्हाई का खोवत?”

मग हळूहळू सगळे बाहेर आले. नवरात्रात प्रत्येकीच्या घरी देवघराच्या अंधारात घटाभोवती धान पेरतात. ते अंधारातच उंच जाते आणि पिवळे असते, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ज्याच्या घरचे उंच, त्याच्या शेतात पीक चांगले. माझे परळ कपाटात गेले त्याच दिवशी काय होणार ते सगळ्यांना माहीत होते. महिनाही झाला नव्हता त्यांच्या घरचे घट उठून.

“मग मी विचारलं तेव्हा कुणीच का नाही सांगितलं?”

“त्ये घटाचं, बाई,” पालीवाली म्हणाली. “देवाचं हाय त्ये. ह्ये शाळंचं. शाळंचं तर उस्तानीजींनी सांगितलं तेच खरं ना?”

मी खुर्चीत बसले. मला रडूही येत होते आणि ओरडावेसेही वाटत होते, आणि दोन्ही मला जमत नाही. या पोरींनी पाहिले होते, मोजले होते, घोकलेले आणि दिसलेले जुळत नाही हे नेमके ओळखले होते. मला त्यांच्याकडून हवे होते ते सगळे त्यांनी केले होते. आणि मग कात्री घेऊन ते नीटनेटके कापले होते, माझ्यासाठी. आता तास माझा होता. दर वर्षी गहू पेरायचे आणि दर वर्षी छाटायचे, यासाठी.

“फुडल्या साली बी आमीच कापू का?” कुणीतरी विचारले. पोरी हसल्या.

घंटा झाली, वर्ग रिकामा झाला. पालीवाली एकटी मागे राहिली होती. बाकावर वाकून पाटीवर काही लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने पाटी माझ्यासमोर धरली. ‘पिवळे झाले तर उंच का.’

समोर ठेवलेल्या वस्तूबद्दल त्या वर्गात माझ्याकडे आलेला तो पहिलाच प्रश्न. मी पुष्कळ आठवले. पुण्याच्या पुस्तकात उजेड, पाने, हिरवा रंग असे काही होते, पण उंच का, हे त्यात कुठेच नव्हते.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “आपण शोधू या. आपण पुन्हा पेरू.”

तिने आधी दाराकडे पाहिले. उस्तानीजी अंगणात उभ्या होत्या. मग तिने माझ्याकडे पाहिले, आजारी माणसाकडे बघावे तसे.

“ऱ्हाऊ द्या, बाई. तुमाला म्हाईत न्हाई ह्ये मी कोनाला न्हाई सांगत.”

मी तिचा हात धरीपर्यंत तिने बोटाला थुंकी लावली होती. पाटी कोरी झाली.